रुबेन ब्लेड्स कसे ऐकावेत : स्पॅनिश न येणाऱ्या श्रोत्यासाठी

साल्सा हा शब्द कानावर पडला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाच उभा राहतो, आणि त्यामुळे पनामाचे गायक-गीतकार रुबेन ब्लेड्स यांच्याकडे वळणारा नवा श्रोता हमखास चुकीच्या दाराने आत शिरतो. त्यांच्या गाण्यांवर उत्तम नाचता येते, यात वाद नाही. पण ती लिहिणारा माणूस शिक्षणाने वकील आहे, पोलीस खात्यातील तपासनीसाचा मुलगा आहे, आणि घडलेल्या प्रसंगाचा जबाब नोंदवावा तसे तो गाणे लिहितो. माणसाचे नाव काय, वय काय, कुठल्या रस्त्यावर होता, अंगावर कोणते कपडे होते, खिशात काय सापडले. गायन, अभिनय आणि राजकारण ही त्यांची तीन क्षेत्रे सुटी सुटी पाहिली तर तीन वेगवेगळी माणसे पाहिल्यासारखे वाटते. जबाब नोंदवण्याची ही सवय हाताशी धरली तर तिन्हींमधून एकच माणूस दिसू लागतो. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीची काही वर्षे ही गाणी केवळ ठेक्यासाठी ऐकली आणि मग सगळी पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागली. इतरांचा तो फेरा टळावा म्हणून ही मांडणी.

ऐकण्यापूर्वीची तयारी

आधी नावाचे पाहू. आडनावाचा उच्चार ‘ब्लेड्स’ असा इंग्रजी वळणाचा आहे, कारण त्यांचे आजोबा कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया या इंग्रजी बोलणाऱ्या बेटाचे होते. स्पॅनिश भाषक मात्र अनेकदा ‘ब्लादेस’ म्हणतात, त्यामुळे मुलाखती ऐकताना दोन्ही उच्चार कानावर आले तर गोंधळून जाऊ नये.

दुसरी गोष्ट शब्दांची. एका बैठकीत एकच गाणे घ्यावे, त्याचे स्पॅनिश शब्द समोर ठेवावेत आणि शेजारी भाषांतर ठेवावे. अर्थ आधी वाचावा आणि मग ऐकावे; उलट क्रमाने केल्यास चाल डोक्यात बसते आणि शब्दांसाठी जागा उरत नाही. यंत्राने केलेले भाषांतर कामाला येते, परंतु तीन-चार शब्दांवर ते नेमके घसरते. उदाहरणार्थ, ‘सोलार’ या शब्दाचे भाषांतर यंत्र ‘मोकळा भूखंड’ किंवा ‘सूर्याचा’ असे करील. कॅरिबियन शहरांत सोलार म्हणजे मधल्या अंगणाभोवती खोल्या असलेली, सामायिक नळ आणि सामायिक भांडणे असलेली वस्ती. मराठीत आपण तिला सरळ चाळ म्हणू. ब्लेड्स यांच्या वाद्यवृंदाचे ‘सेइस देल सोलार’ हे नाव म्हणूनच ‘चाळीतले सहा जण’ असे वाचावे. तसेच ‘पुएब्लो’ म्हणजे गाव आणि जनता, दोन्ही. ‘नावाहा’ म्हणजे खिशात मावणारा, पाते मिटणारा चाकू. हे शब्द त्यांच्या पात्रांची आडनावे होतात, आणि आडनाव कळले नाही तर निम्मे पात्र निसटते.

पहिले गाणे तीनदा

सुरुवात १९७८ च्या ‘सिएंब्रा’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘पेद्रो नावाहा’ या गाण्याने करावी. ट्रॉम्बोनवादक विली कोलोन यांच्यासह केलेली ही ध्वनिमुद्रिका साल्साच्या इतिहासातील सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांमध्ये मोजली जाते. हे गाणे सात मिनिटांहून लांब आहे, आणि त्या काळच्या रेडिओच्या दृष्टीने ही लांबी बेतालच होती.

पहिल्या वेळी फक्त वाद्ये ऐकावीत. आरंभी जवळजवळ काहीच नाही. रस्त्याचा आवाज आणि तालवाद्ये. प्रत्येक कडव्यागणिक आणखी एखादे वाद्य येऊन मिळते, आणि सूर पायरीपायरीने वर चढतो. हा चढ इतक्या सावकाश होतो, की शेवटी आपण किती वर आलो आहोत हे मागे वळून पहिले कडवे लावल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वेळी गोष्ट ऐकावी. जुन्या वस्तीच्या कोपऱ्यावरून एक गुंड चालला आहे. रुंद काठाची टोपी कलती घातली आहे, कोटाच्या खिशांत दोन्ही हात खोल घातले आहेत, म्हणजे चाकू कोणत्या हातात आहे ते कुणाला कळू नये. पायांत कॅनव्हासचे बूट आहेत, कारण वेळ आली तर पळता आले पाहिजे. काळा चष्मा, आणि हसला की चमकणारा सोन्याचा दात. तीन चौक पलीकडे एक बाई त्याच फुटपाथवरून पाचव्यांदा फेरी मारते आहे; आज गिऱ्हाईक नाही, म्हणून एका दारात शिरून ती एक घोट घेऊन येते. एक गाडी हळूहळू निघून जाते. तिच्यावर पोलिसांची खूण नाही, पण ती पोलिसांची आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. गुंड रस्ता ओलांडून धावतो आणि वार करतो. बाईने जुन्या कोटातून काढून पर्समध्ये ठेवायला घेतलेले पॉइंट अडतीसचे रिव्हॉल्व्हर त्याच क्षणी बोलते. दोघेही मरतात. खिडकी उघडत नाही, कुणी विचारत नाही, कुणी रडत नाही. एक दारुडा दोन्ही प्रेतांना अडखळतो, रिव्हॉल्व्हर, चाकू आणि दोन पेसो उचलतो आणि बेसूर गात निघून जातो: आयुष्य धक्के देते. तो बेसूर आवाजच पुढे कोरस होतो, हे या रचनेतले सर्वांत मोठे कौशल्य. ज्या ओळीला लॅटिन अमेरिकेत म्हणीचे स्थान मिळाले, ती ओळ मेलेल्यांचे खिसे रिकामे करणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे.

तिसऱ्या वेळी शेवटाकडे कान द्यावा. कोरस रंगात आलेला असताना रेडिओवरची बातमी ऐकू येते: न्यूयॉर्क शहरात, खालच्या मॅनहॅटनमध्ये अ‍ॅव्हेन्यू ए आणि बी यांच्या दरम्यान, पेद्रो बारिओस आणि होसेफिना विल्सन यांचे मृतदेह आढळले. सात मिनिटे आपण ज्याला ‘चाकूवाला’ म्हणून ओळखत होतो त्याला अचानक खरे आडनाव मिळते, आणि जिला नावच नव्हते तिला पूर्ण नाव मिळते. वृत्तनिवेदकाला या दोघांविषयी काहीही ठाऊक नाही, आणि आपल्याला सगळे ठाऊक आहे. ब्लेड्स यांची पद्धत या एका जागेत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसते.

या गाण्यामागे नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या १९२८ च्या बर्लिनमधील संगीतिकेतील चाकूबहाद्दराचे गाणे आहे, हे ब्लेड्स यांनी कधी लपवले नाही. काफ्काचे नावही गाण्यात सरळ येते. १९८५ मध्ये त्यांनी ‘सोर्प्रेसास’ नावाचा उत्तरार्ध लिहिला, ज्यात पेद्रो मेलेलाच नव्हता असे निघते; तो ऐकायचा असेल तर ऐकावा, परंतु मेलेल्याला उठवण्याची गरज होती असे मला वाटत नाही.

कानाला हवा असलेला थोडा सराव

आता तालाचे. साल्साचा सगळा डोलारा क्लावे नावाच्या पाच ठोक्यांच्या आकृतीवर उभा असतो. सोळापर्यंत सारख्या लयीत मोजावे आणि १, ४, ७, ११ आणि १३ या आकड्यांवर टाळी द्यावी. पहिल्या अर्ध्या भागात तीन टाळ्या आणि दुसऱ्यात दोन, म्हणून याला तीन-दोनचा क्लावे म्हणतात. दोन्ही अर्धे उलटे केले, म्हणजे ३, ५, ९, १२ आणि १५ वर टाळी दिली, की दोन-तीनचा क्लावे होतो. एकदा सुरू झालेला क्लावे गाण्यात मोडत नाही. लाकडी कांड्यांवर तो प्रत्यक्ष वाजत नसला तरी पियानो, काँगा नावाचे उभे हातढोल आणि गायकाचे शब्द त्याच्याच आधाराने पडतात. सोळा मात्रांची सवय असलेल्या कानाला इथे एकच अडचण येते. आपण समेची वाट पाहत बसतो, आणि साल्सातला बास समेच्या आधीच बोलून मोकळा होतो. प्रत्यक्ष समेवर तो बहुधा गप्प असतो. ही चुकामूक म्हणजेच साल्साची चाल. ती अंगवळणी पडेपर्यंत बास ऐकत टाळी देऊ नये, टाळी कोलमडते.

गाण्याची बांधणीही लक्षात ठेवावी. पूर्वार्धात गोष्ट सांगितली जाते, आणि मग गाणे मोकळे होऊन सवाल-जवाबाच्या भागात शिरते, ज्याला मोंतुनो म्हणतात. झीलकरी एक ठराविक ओळ पुन:पुन्हा म्हणतात आणि मुख्य गायक मधल्या जागांत नव्या ओळी पेरतो. पुष्कळ साल्सा गायकांकडे हा भाग आनंदाच्या उद्गारांनी भरलेला असतो. ब्लेड्स यांच्याकडे मात्र तिथे खटल्याचा निकाल लागतो किंवा उलटतपासणी होते, त्यामुळे गोष्ट संपली असे समजून लक्ष सैल करू नये.

आयुष्य कोणत्या क्रमाने वाचावे

चरित्राचा तपशील गाण्यांना जोडून वाचला तर लक्षात राहतो. रुबेन ब्लेड्स यांचा जन्म १६ जुलै १९४८ रोजी पनामा शहरातील सान फेलिपे या जुन्या भागात झाला. आई अनोलांद दिआस या मूळच्या क्यूबाच्या, गायिका आणि पियानोवादक. वडील बोंगो वाजवणारे आणि पुढे पोलीस तपासनीस. वाचायला शिकवले ते आजी एमा यांनी. लहानपणी रेडिओवरची अमेरिकन रॉक अँड रोलची गाणी हे त्यांचे वेड होते आणि ती ते इंग्रजीतच म्हणत.

त्यानंतरची तारीख टिपून ठेवावी: ९ जानेवारी १९६४. पनामाचा कालवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. त्या पट्ट्यातील शाळेपुढे पनामाचा ध्वज लावण्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांवरून दंगल पेटली आणि वीसहून अधिक पनामावासी मारले गेले. ब्लेड्स तेव्हा पंधरा वर्षांचे होते. इंग्रजीत गाणे त्यांनी त्यानंतर सोडून दिले. १९८८ मध्ये लू रीड, एल्विस कॉस्टेलो आणि स्टिंग या रॉक गायकांच्या साहाय्याने त्यांनी एक संपूर्ण इंग्रजी ध्वनिमुद्रिका केली, तिच्याकडे पाहताना मधली ही चोवीस वर्षे ध्यानात ठेवावीत. ती मुद्रिका, माझ्या मते, त्यांच्या कामातली दुबळी आहे. इंग्रजीत त्यांची पात्रे रस्त्यावरून सभागृहात आल्यासारखी वाटतात.

पनामा विद्यापीठात ते कायद्याचे शिक्षण घेत असताना ऑक्टोबर १९६८ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि विद्यापीठ बंद पडले. १९७० मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी पहिली ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात एका गनिमी सैनिकाच्या मृत्यूचे गाणे आहे, आणि ते ऐकले की पुढची वाट तेव्हाच ठरली होती हे समजते. मग परत येऊन पदवी पूर्ण केली. या काळात कोइबा बेटावरील कैद्यांशी त्यांचा संबंध आला. कोइबा ही पॅसिफिक महासागरातील पनामाची तेव्हाची बंदिवासाची वसाहत. आपल्याला अंदमान म्हटल्यावर जे आठवते, त्या जातीची जागा. तिथल्या कैद्यावरचे ‘एल कासांगेरो’ हे गाणे १९७५ मध्ये विली कोलोन यांच्या मुद्रिकेत आले. अशिलाची कैफियत गाण्यात शिरली ती इथून.

दरम्यान वडिलांवर संशय घेतला गेल्यामुळे कुटुंबाला पनामा सोडून मायामीला जावे लागले होते. १९७४ मध्ये ब्लेड्सही अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमध्ये फानिया या ध्वनिमुद्रण कंपनीच्या टपाल विभागात कामाला लागले. जॉनी पाचेको आणि जेरी मसूची यांनी १९६४ मध्ये काढलेली ही कंपनी त्या वेळी साल्साची राजधानी होती, आणि पदवीधर वकील तिथे पाकिटे वाटत होता. कामाच्या फटीत तो येणाऱ्या-जाणाऱ्या वादकांना आपली गाणी ऐकवी. काँगावादक रे बारेतो यांनी त्यांना गायक म्हणून घेतले, आणि मग कोलोन यांच्यासोबतची जोडी जमली.

या जोडीच्या १९७७ च्या ‘मेतिएंदो मानो’ मधील ‘पाब्लो पुएब्लो’ हे दुसरे गाणे म्हणून घ्यावे. कामावरून घरी परतणारा एक थकलेला माणूस, जुनी निवडणुकीची भित्तिपत्रके, समोरचा कचरा, कोपऱ्यावरचा दिवा, इतकेच. तो घराच्या अंधाऱ्या दारापाशी येतो तेव्हा त्या भित्तिपत्रकांवरची आश्वासने त्याला पुन्हा दिसतात. सतरा वर्षांनी या गाण्याचा कर्ता स्वतःच भित्तिपत्रकावर आला, तेव्हा पाब्लोची आठवण विरोधकांनाही झाली असणार.

त्याच मुद्रिकेतील ‘प्लांतासिओन आदेंत्रो’ ऐकताना सावध राहावे: ते गाणे ब्लेड्स यांनी गायले आहे, लिहिले नाही, ते पोर्तो रिकोचे गीतकार तिते कुरेत आलोन्सो यांचे आहे. उलट ‘एल कांतांते’ हे साल्सा गायक एक्तोर लावो यांची ओळख बनलेले गाणे ब्लेड्स यांनी लिहून १९७८ मध्ये लावोंना दिले. गायकाच्या हसऱ्या मुखवट्यामागचे दुःख सांगणारे ते शब्द लावोंच्या उद्ध्वस्त होत गेलेल्या आयुष्याला इतके चिकटले, की ते दुसऱ्या कुणी लिहिले असतील यावर विश्वास बसत नाही.

१९८४ : इथे थांबून ऐकावे

ज्याला वेळ कमी आहे त्याने ‘सिएंब्रा’ नंतर थेट १९८४ च्या ‘बुस्कांदो अमेरिका’ कडे जावे. इथे ब्लेड्स यांनी ट्रॉम्बोनचा ताफा बाजूला ठेवला आणि ‘सेइस देल सोलार’ या सहा जणांना घेतले. पितळी वाद्यांच्या जागी व्हायब्राफोन आणि सिंथेसायझर आले, काँगा-तिंबालेसबरोबर ड्रमसेट आला. आवाज पातळ झाला, आणि त्यामुळे शब्द पुढे आले. ज्यांना कोलोन यांच्या ट्रॉम्बोनची खरखर प्रिय आहे त्यांची सुरुवातीला निराशा होते. ती होऊ द्यावी.

यातील ‘देसापारिसिओनेस’ हे बेपत्ता माणसांचे गाणे सर्वांत आधी वाचून काढावे, कारण ते जबाबाचेच गाणे आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत अर्जेंटिना, चिली, ग्वातेमाला, एल साल्वादोर अशा देशांत लष्करी राजवटींनी उचलून नेलेली माणसे परत आली नाहीत. गाण्यात एकामागून एक माणसे येऊन आपल्या हरवलेल्या माणसाचे वर्णन सांगतात. एक बाई सांगते, नवऱ्याचे नाव एर्नेस्तो, वय चाळीस, मोटारी विकणाऱ्याकडे पहारेकरी होता, गडद सदरा आणि फिकट विजार घातली होती, परवा रात्री बाहेर पडला तो आला नाही. मग कुणाची तरी बहीण, कुणाचा तरी मुलगा. रडणे नाही, शिव्या नाहीत. पोलीस चौकीच्या टेबलापलीकडच्या माणसाला जेवढे लागते तेवढेच. मग कोरस येतो आणि प्रश्न विचारतो: बेपत्ता झालेले कुठे जातात, ते परत कधी येतात? उत्तर मिळते की विचारांनी आणले की ते येतात. हे गाणे पुढे मेक्सिकोच्या माना आणि अर्जेंटिनाच्या लोस फाबुलोसोस कादियाक्स या रॉक वाद्यवृंदांनीही गायले. मूळ गाण्याचा ठेका ऐकल्यावर ही रूपेही ऐकावीत, म्हणजे शब्दांत किती बळ आहे आणि चालीत किती, हे वेगळे करता येते.

पाठोपाठ ‘एल पाद्रे आंतोनियो’ घ्यावे. त्यामागे एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची २४ मार्च १९८० रोजी प्रार्थना चालू असताना झालेली हत्या आहे. ब्लेड्स यांनी मात्र आर्चबिशपला स्पेनहून आलेला साधा पाद्री केले आणि त्याच्या शेजारी आंद्रेस नावाचा दहा वर्षांचा सेवेकरी मुलगा उभा केला. दोघेही मारले जातात. त्या मुलाविषयी गाणे जे सांगते ते असे, की पेलेला एकदाही न भेटता तो गेला. धर्मगुरूच्या हौतात्म्यावर शेकडो गाणी होऊ शकतात. फुटबॉलवेड्या पोराची अपुरी राहिलेली इच्छा नोंदवायला जबाब घेणाराच हवा. शेवटी घंटांचा नाद आणि नाचाचा ठेका एकत्र येतात, आणि तिथे नाचावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरे ‘जीडीबीडी’; ही ‘हुकूमशाहीत जागे होणारे लोक’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांची आद्याक्षरे. यात वाद्ये जवळपास नाहीत, गायनही नाही. हुकूमशाहीतल्या एका गुप्त पोलिसाची सकाळ बोलून दाखवली आहे. तो उठतो, आवरतो, घरातल्यांशी चार शब्द बोलतो आणि कुणाला तरी पकडून आणायला कामावर निघतो. आवाज न चढवता. हे गाणे लक्षात ठेवावे. अभिनयाकडे वळताना ते लागणार आहे.

या तिन्हींनंतर ‘देसिसिओनेस’ सारखे मिस्कील गाणे ऐकायला हरकत नाही. ही मुद्रिका प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, म्हणजे कीर्ती ऐन भरात असताना, ब्लेड्स हार्वर्डला गेले आणि १९८५ मध्ये त्यांनी तिथून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षीच्या ‘एसेनास’ ला त्यांचे पहिले ग्रॅमी मिळाले. पुढे दहाहून अधिक ग्रॅमी जमा झाले, पण पुरस्कारांच्या यादीवरून ऐकण्याचा क्रम ठरवू नये.

अभिनयाचे काय करावे

चित्रपटांत फार वेळ घालवावा असे नाही. यादी मोठी आहे, आणि हॉलिवूडने त्यांना पुष्कळदा ‘तो लॅटिन गृहस्थ’ एवढ्यावरच वापरले आहे. तीन कामे पाहावीत. १९८५ चा ‘क्रॉसओव्हर ड्रीम्स’, ज्यात एक साल्सा गायक मोठ्या बाजारपेठेच्या मागे लागून आपली माणसे गमावतो. १९९९ चा ‘क्रेडल विल रॉक’, ज्यात ते चित्रकार दिएगो रिव्हेरा झाले आहेत. आणि २०१५ पासूनची ‘फिअर द वॉकिंग डेड’ ही दूरचित्रवाणी मालिका, जिच्याकडे केवळ प्रेतांची मालिका म्हणून दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. तिच्यात ब्लेड्स यांनी दानिएल सालासार हा एल साल्वादोरहून आलेला न्हावी केला आहे. सभ्य, मितभाषी, कुटुंबवत्सल. आणि भूतकाळात छळ करून माहिती काढणारा. एका कैद्याशी तो ज्या शांतपणे बोलतो ते दृश्य पाहिल्यावर ‘जीडीबीडी’ पुन्हा लावावे. एकतीस वर्षांपूर्वी ज्या माणसाची सकाळ सांगितली होती, तोच म्हातारा होऊन समोर बसल्यासारखा वाटतो. रंगभूमीवरचे त्यांचे मोठे काम, पॉल सायमन यांचे १९९८ चे ब्रॉडवे संगीत नाटक ‘द केपमन’, अडुसष्ट प्रयोगांत बंद पडले. ते आता पाहता येत नाही, म्हणून सोडून द्यावे.

राजकारण तपासताना

ब्लेड्स यांच्या सामाजिक भूमिकेविषयी वाचताना दोन टोकांचे लेखन समोर येते: एक आरती ओवाळणारे, दुसरे त्यांना संधिसाधू ठरवणारे. दोन्ही बाजूला ठेवून घटना पाहाव्यात. १९८१ मध्ये ‘तिबुरोन’ या गाण्यात त्यांनी कॅरिबियन समुद्रात शिरणाऱ्या शार्क माशाचे रूपक करून अमेरिकेच्या हस्तक्षेपावर टीका केली, आणि मायामीतील क्यूबन निर्वासितांच्या रेडिओ केंद्रांनी त्यांना वाळीत टाकले. साल्साचा इतका मोठा श्रोतावर्ग गमावणे ही लहान किंमत नव्हती. दुसरीकडे २०१४ मध्ये व्हेनेझुएलातील निदर्शनांच्या वेळी त्यांनी तिथल्या सरकारवर टीका केली, तेव्हा अध्यक्ष मादुरो यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले आणि डाव्या चाहत्यांनी नाके मुरडली. डिसेंबर १९८९ मधील पनामावरील अमेरिकी आक्रमणापूर्वी ते पनामाचे लष्करशहा नोरिएगा यांच्या राजवटीचेही टीकाकार होते. एका बाजूचा शिक्का त्यांच्यावर टिकत नाही, तो यामुळे.

आक्रमणानंतरच्या पनामात त्यांनी ‘पापा एगोरो’ हा पक्ष काढला. एम्बेरा या मूळनिवासी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ धरणीमाता. मे १९९४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते उभे राहिले, सुमारे १७ टक्के मते घेऊन तिसरे आले, आणि पक्षाला संसदेत सहा जागा मिळाल्या. जिंकले एर्नेस्तो पेरेस बायादारेस. नव्या पक्षाची ही कामगिरी खरे तर चांगली होती, परंतु ती टिकवण्यासाठी गल्लीबोळांत जे रोजचे काम लागते ते झाले नाही. १९९९ च्या निवडणुकीनंतर पक्ष संपुष्टात आला. अध्यक्षपद हरलेला हा उमेदवार २००४ मध्ये मार्तिन तोरिहोस यांच्या सरकारात पर्यटनमंत्री झाला आणि पाच वर्षे त्या खुर्चीवर राहिला. ऐन भरातल्या गायकाने पाच वर्षे गाण्याचे दौरे जवळपास थांबवून सरकारी फायली पाहाव्यात, याचे आश्चर्य त्यांच्या चाहत्यांना वाटले. ‘हार्वर्डला गेले’ हा प्रसंग ज्यांनी वाचला असेल त्यांना वाटू नये. २००९ मध्ये ते ‘सेइस देल सोलार’ सह पुन्हा मंचावर आले.

उरलेले

नंतरच्या कामातून प्रत्येकाने आपल्या आवडीनुसार निवडावे. कोस्ता रिकाच्या एदितुस या समूहासोबतची १९९९ ची ‘तिएंपोस’ शांत ऐकणाऱ्यांसाठी आहे. १९९२ च्या ‘आमोर इ कोंत्रोल’ चे शीर्षकगीत रुग्णालयात घडते. कर्करोगाने आजारी असलेल्या आईला भेटून बाहेर पडणारा मुलगा तिथे दुसऱ्या एका कुटुंबाचे बोलणे ऐकतो, आणि तो मुलगा ब्लेड्स स्वतः आहेत. पनामाच्या रोबेर्तो देलगादो यांच्या वाद्यवृंदासोबतची २०२१ ची ‘साल्सविंग’ ऐकताना त्यांचे वय बहात्तर होते हे ध्यानात आणून द्यावे लागते.

सर्वांत शेवटी, आणि घाई न करता, १९८० ची ‘माएस्त्रा विदा’ ही दोन भागांतील ध्वनिमुद्रिका घ्यावी. ती प्रसिद्ध झाली तेव्हा फानियाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना तिचे काय करावे ते कळले नाही, कारण तिच्यात निवेदक आहे, संवाद आहेत, आणि एकच गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत चालते: कार्मेलो नावाचा शिंपी, त्याची मानुएला, त्यांचा मुलगा रामिरो, आणि त्या घराचे म्हातारपण. सुटी गाणी वेचून ऐकण्याची सवय इथे मोडावी लागते. दोन्ही भाग एका बैठकीत, शब्द समोर ठेवून ऐकावेत, आणि पहिल्या भागात रामिरो जन्मतो तेव्हाचा जल्लोष नीट लक्षात ठेवावा, कारण दुसऱ्या भागात त्याच घरातून अंत्ययात्रा निघते, तेव्हा तो आठवावा लागतो.